आजचाच कागद

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे पुरावाताई म्हणत. नाव चेष्टेने पडलं होतं. कोणी नुसतं 'बाहेर उकडतंय' म्हटलं, तरी ही खिडकीतून हात बाहेर काढून बघायची. खुद्द तिच्या आईने एकदा फोनवर, "जेवले गं मी," असं सांगितल्यावर हिने सवयीने, "काय जेवलीस?" विचारलं होतं, आणि आई म्हणाली होती, "ताट अजून धुतलं नाही, ठसे घ्यायला ये."

अठरा वर्षं तिने कोर्टाच्या बातम्या केल्या होत्या. गेली दोन वर्षं ती वर्तमानपत्राच्या संकेतस्थळासाठी 'उलटतपासणी' नावाची ध्वनिमालिका करत होती. निकाल लागून धूळ बसलेले खटले ती पुन्हा उघडायची आणि न्यायात कुठे खोट राहिली का ते बघायची. बोलायची ती, आणि रेकॉर्डिंग करायचा बारा वर्षं तिच्यासोबत काम करणारा जोडीदार. त्याला कचेरी कानसेन म्हणायची. नळ कुठल्या मजल्यावर गळतोय हे तो तळमजल्यावरून सांगायचा.

एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता एक बाई तिच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. पन्नाशीला टेकलेली. इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची, म्हणून दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने पांढरे डाग. काखेतली जाडजूड फाइल तिने टेबलावर ठेवली.

"यात सगळं आहे," ती म्हणाली. "रडणं तेवढं घरी ठेवून आलेय."

फाइल तिच्या धाकट्या भावाची होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. अकरा वर्षांपूर्वी एका गुरुवारी त्यांच्या मावशीचा खून झाला. मावशी एकटी राहायची आणि राहत्या खोलीतच पुस्तकांची बांधणी करायची. पुस्तकं दाबून ठेवायच्या लोखंडी ठोकळ्याने कोणीतरी तिच्या डोक्यात घाव घातला होता. दर गुरुवारी तिला भेटायला जाणारा भाचा पकडला गेला आणि जन्मठेपेवर गेला. खोलीची भाडेपावती नावावर करून देत नव्हती म्हणून मारली, असं सरकारचं म्हणणं होतं. बहिणीने अकरा वर्षांत ज्या दारांवर डोकं आपटलं, त्यांची यादीच फाइलीच्या शेवटच्या पानावर होती. या वर्तमानपत्राचं दार त्यात तीनदा आलं होतं.

पुरावाताईने चार दिवस फाइल वाचली. पानं सहाशे बारा. एवढा मोठा निकाल, पण टांगलेला एकाच खुंटीवर. शेजारच्या खोलीत पाणीखात्यातला एक निवृत्त कारकून राहायचा. त्याने साक्ष दिली होती की दुपारी साडेचारला भिंतीपलीकडून भाच्याचा आवाज आला: 'आज सोडणार नाही तुला.' भाचा म्हणत होता की तो साडेतीनलाच निघाला, पण जाताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. चार वाजून पन्नास मिनिटांनी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका इस्पितळात बंद पडलेल्या लिफ्टवर कामाला लागला होता. तिथल्या वहीत त्याची सही होती, आणि रात्री नऊपर्यंत तो तिथून हलला नव्हता हे सरकारलाही मान्य होतं. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ चार ते आठच्या मधली दिली होती. साडेचारला मारून वीस मिनिटांत दुचाकीवरून इस्पितळ गाठता येतं, असं कोर्टाने धरलं होतं.

म्हणजे सगळा मामला एका भिंतीवर येऊन ठेपला होता. त्या भिंतीतून आवाज येतो की नाही?

इमारत तीन मजली, वर्तमानपत्राच्या जुन्या छापखान्याच्या मागच्या गल्लीत. जिना अरुंद, कठडा हातांनी गुळगुळीत झालेला. दुसऱ्या मजल्यावर शेवटच्या दोन खोल्या, भिंतीला भिंत लावून. दोन्ही रिकाम्या. कारकून चार वर्षांनी मुलीकडे राहायला गेला होता. बांधणीवालीच्या खोलीत खुनानंतर तीन भाडेकरू येऊन गेले, दोन महिन्यांच्या वर कोणी टिकला नाही. घरमालकाला कारण विचारलं तर म्हणाला, हवा खेळत नाही. खोलीला दोन मोठ्या खिडक्या होत्या आणि दोन्हीतून वारा येत होता.

पहिल्या दिवशी त्यांनी नुसती पाहणी केली. बाहेर पडताना कानसेन उंबऱ्यात थबकला. खळ शिजवल्यासारखा वास येतोय, म्हणाला. तिलाही आला. पिठाचा, किंचित आंबूस, कोमट वास. तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. खाली खोक्यांचा कारखाना होता. दोघं जिना उतरले. कारखान्याच्या दारावर सुट्टीची पाटी होती. तिने ती वाचली आणि वहीत टिपून घेतली.

दुसऱ्या दिवशी भिंत मोजली. सव्वा फूट जाडीची, भरीव विटांची, मध्ये ना कोनाडा ना धुराडं. फरशी त्यांनी आधी स्वतः झाडून घेतली होती, कारण धुळीत मायक्रोफोनचा स्टँड नीट बसत नव्हता. काम उरकून कचेरीत परतल्यावर कानसेनने पँटचा दुमडलेला काठ उलगडला, तर त्यातून कागदाच्या पट्ट्या पडल्या. दाभणाइतक्या बारीक, लांब आणि पांढऱ्याशुभ्र. पुस्तकाच्या कडा कापताना पडतं तसलं कातरण.

"छापखान्याजवळ कागदच मिळणार," तो म्हणाला, आणि ते उचलून त्याने टोपलीत टाकलं. त्यानंतर बराच वेळ त्याने हेडफोन कानावरून उतरवला नाही.

तिसऱ्या दिवशी चाचणी झाली. दिवस गुरुवार, वेळ दुपारी चारनंतरची, म्हणजे रस्त्यावरचा गलका साक्षीतल्या दिवसासारखाच असावा. कानसेन मावशीच्या खोलीत उभा राहून लिफ्टच्या सुरक्षेची पुस्तिका मोठ्याने वाचणार होता. आधी साध्या आवाजात, मग चढ्या, मग ओरडून. ती कारकुनाच्या खोलीत भिंतीला कान लावून, जे ऐकू येईल ते वेळेसकट लिहिणार होती. शेजारीच भिंतीला चिकटवलेला मायक्रोफोन आणि रेकॉर्डर.

साध्या आवाजाचं काहीच आलं नाही. चढ्या आवाजाचंही नाही. तो ओरडू लागल्यावर लांब कुठेतरी मालगाडी जावी तसा घुमारा आला, पण त्यात एकही शब्द सापडेना. तिने तसं लिहिलं. मनातल्या मनात तिने खुंटी उपटलेली पाहिली. कारकुनाला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

ओरडणं थांबलं. कानसेन पाणी प्यायला थांबला असावा. तिने कान तसाच ठेवला. भिंत थंड होती.

मग आवाज आला, अगदी जवळून, जणू भिंत नव्हतीच. बाईचा आवाज. दमलेला, पण घाई नसलेला. हातात काम असताना माणूस मान वर न करता बोलतो, तसा.

"आजचाच कागद लावलाय." जरा वेळ काही नाही. मग, "वाळू दे आता. हात नको लावूस."

पेन्सिल आपोआप चालली. वेळ चार बत्तीस. अठरा वर्षांची सवय, ऐकलेलं ती लिहायचीच.

कानसेन आला तेव्हा ती वही मांडीवर ठेवून खिडकीशी बसली होती. त्याने पान वाचलं आणि तिच्याकडे पाहिलं. हे त्याने वाचलेलं नव्हतं, आणि खोलीत त्याच्याशिवाय कोणी नव्हतं. रेकॉर्डर पहिल्यापासून ऐकला. चार बत्तीसला त्यात काही नव्हतं. नुसती शांतता, आणि त्या शांततेत तिच्या पेन्सिलीचा कागदावर घासल्याचा आवाज.

"तू लिहिलेलं येतंय यात," कानसेन म्हणाला. "तू ऐकलेलं येत नाहीये."

दोन दिवस तिने हे कोणालाच सांगितलं नाही. फाइलीत कुठे वाचलेलं डोक्यात राहिलं असेल म्हणून सहाशे बारा पानं परत चाळली. ते शब्द कुठेच नव्हते. कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आली. कान ठणठणीत होते.

शेवटी तिने बहिणीला फोन केला आणि अगदी सहज विचारावं तसं विचारलं, की तुमची मावशी पुस्तकाच्या पाठीला काय लावायची. बहिणीने सांगितलं ते असं: शिवण झाली की पाठीवर आधी जाळीचं कापड, त्यावर जाड खाकी कागद, आणि मग वरून पुठ्ठ्याचं कव्हर. आतलं अस्तर मग कोणाला दिसतच नाही. खाकी कागद संपला तर नाइलाजाने वर्तमानपत्र. पण रद्दीतलं कधीच नाही. जुना कागद मोडतो, असं मावशीचं ठाम मत होतं. लावायचाच तर त्याच दिवशीचा लावायचा.

"संध्याकाळचा पेपर यायची वाट बघत बसायची कधीकधी," बहीण म्हणाली. "आम्ही हसायचो तिला. पेपर वाचायच्या आधी फाडणारी बाई म्हणून."

पुरावाताईने फोन ठेवला आणि पंचनामा काढला. पान एकतीस. 'दाबयंत्रात एक पुस्तक. पाठीवरील खळ ओली.' शेजारी फोटो होता: लाकडी दाब, त्यात उभं आवळलेलं जाड पुस्तक, पाठ पलीकडच्या बाजूला. खाली यादी: जप्त केलेली सहा पुस्तकं, सार्वजनिक ग्रंथालयाच्या मालकीची, नंतर परत केली. दाबात सापडलेलं पुस्तक होतं वनस्पतिकोशाचा चौथा खंड.

सायंआवृत्ती! ती तर त्यांच्याच वर्तमानपत्राची होती, सहा वर्षांपूर्वी बंद पडलेली. मागच्या गल्लीत ती सगळ्यात आधी पोचायची, पण पाचच्या आधी नाही. कधीच नाही.

त्यानंतरचा महिना ती पायाला भिंगरी लावून फिरली. वनस्पतिकोश ग्रंथालयाच्या कपाटात होता, चौथा खंड बाकीच्यांपेक्षा कमी हाताळलेला. ग्रंथपाल पुस्तक द्यायला तयार होईना. पाठ फाडायचं ऐकून तर त्याचा चेहराच उतरला. तेव्हा भाच्याच्या वकीलबाई कामाला लागल्या. त्या निवृत्तीला आल्या होत्या, आवाज बसका, आणि हरलेल्या खटल्यांबद्दल त्या जुन्या दुखण्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या. त्यांनी कोर्टातून हुकूम आणला. सरकारी प्रयोगशाळेत, दोन्ही बाजूंच्या देखत, वाफेने पाठ सोडवली गेली. ग्रंथालयाने मागाहून चढवलेलं कव्हर निघालं. जाळीच्या कापडावर चार बोटं रुंदीची वर्तमानपत्राची पट्टी होती, पिवळी पडलेली, पण अक्षरन्‌अक्षर शाबूत. त्यावर अर्धी बातमी: 'पुलावरची वाहतूक आज दुपारी पावणेचारपासून थांबवण्यात आली असून...'

कचेरीच्या तळघरात सायंआवृत्तीच्या जुन्या फाइली होत्या. त्या गुरुवारचा अंक, पान पहिलं, तिसरा स्तंभ. कानसेनने पट्टीचा फोटो त्यावर ठेवला. ओळीला ओळ, शाईच्या ठिपक्याला ठिपका. छापखान्याच्या नोंदवहीत अंकाची पहिली प्रत बाहेर पडल्याची वेळ होती पाच वाजून दहा मिनिटं.

म्हणजे पाच दहानंतर मावशी जिवंत होती आणि पुस्तकाच्या पाठीला अस्तर लावत होती. आणि भाचा चार पन्नासपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्टच्या खड्ड्यात.

तळघरात दोघंच होती. कानसेनने टेबलावर एक थाप मारली, आणि मग दोघंही वेड्यासारखी हसत सुटली. बहिणीला फोन लावला तेव्हा पलीकडे बराच वेळ फक्त इस्त्रीच्या यंत्राची वाफ ऐकू येत होती.

फेरसुनावणी लागली, तेव्हा अडचण उभी राहिली ती वहीची. चाचणीची मूळ वही कोर्टात द्यायची होती, आणि तिच्यात चार बत्तीसची नोंद होती. वकीलबाईंनी ती दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला. सरकारी वकील हीच ओळ धरून बसणार, त्यांनी समजावलं. भिंतीतून तुम्हालाच आवाज आला, तर कारकुनाला का येऊ नये? पट्टीचं काय, छापखाना मागेच आहे, एखादी कच्ची प्रत आधी बाहेर आली असेल, असं ते म्हणणार. रेकॉर्डरमध्ये तर काही नाही. ते पान खासगी टिपण म्हणून बाजूला ठेवता येईल. भास झाला असं म्हणता येईल.

बहीण कोपऱ्यात बसून ऐकत होती. तिच्या भावाचा निकाल या पानावर अवलंबून होता, तरी तीच आधी बोलली.

"आहे तशी द्या वही," ती म्हणाली. "तो खोट्याने आत गेलाय, ताई. त्याला खोट्याने बाहेर नाही काढायचं."

सुनावणीच्या दिवशी सकाळी कारकुनाची साक्ष झाली. ऐंशी ओलांडलेला, अंगात शर्ट लोंबकळणारा म्हातारा. मुलगी धरून घेऊन आली होती. वकीलबाईंनी त्याला हरतऱ्हेने विचारलं. तो एकच वाक्य बोलत राहिला: आवाज आला होता, जबानीत लिहिलंय तेच. सांगताना तो कोणाकडेच बघत नव्हता. त्याला मोकळं केलं, पण मुलगी न्यायला दुपारी येणार होती, म्हणून न्यायाधीशांनी मागच्या बाकावर बसायची परवानगी दिली.

मग प्रयोगशाळेचा माणूस, मग कानसेन, मग पुरावाताई. तिने भिंतीची जाडी सांगितली, चाचणी सांगितली, अंक सांगितला. सरकारी वकील उठले. त्यांच्या हातात वही होती.

"तुम्ही भिंतीला कान लावलात. पलीकडून शब्द ऐकू आले का, हो की नाही?"

पिंजऱ्यात उभ्या असलेल्या भाच्याकडे तिने पाहिलं. अकरा वर्षांत केस पार गेलेला एक शांत माणूस. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो छताच्या पंख्याकडे बघत होता, ज्याचा एक स्क्रू ढिला होता.

"हो," ती म्हणाली.

वकीलबाईंनी डोळे मिटले.

"तुमच्या सहकाऱ्याचे?"

"नाही. त्याचा एकही शब्द आला नाही. एका बाईचे आले."

कोणीतरी मागे हसलं. न्यायाधीशांनी हात वर केला, आणि तिला शब्द सांगायला सांगितले.

"'आजचाच कागद लावलाय. वाळू दे आता. हात नको लावूस.'"

"खोलीत कोणी बाई होती?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"नाही."

"रेकॉर्डरमध्ये हा आवाज आहे?"

"नाही."

"मग आम्ही यावर विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नका," ती म्हणाली. "मीसुद्धा ठेवला नाही. म्हणून तर पुस्तक उघडून बघितलं."

सरकारी वकील खाली बसायला वळले. वळता वळता थांबले.

मागच्या बाकावर कारकून उभा राहिला होता.

त्याला उभं राहायला कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हात समोरच्या बाकावर टेकलेले.

"हेच," तो म्हणाला. "हेच शब्द."

न्यायाधीशांनी त्याला पुढे बोलावलं. शिपायाने हात दिला.

"मी हेच सांगितलं होतं साहेब. त्या बाईचा आवाज. आजचाच कागद, वाळू दे. तपास करणारे साहेब म्हणाले, तिच्या आवाजाचं आम्ही काय करू? पुरुषाचा सांग. वाक्य त्यांनीच घातलं. वेळही त्यांनीच."

"तुम्ही ऐकलं तेव्हा संध्याकाळचं वर्तमानपत्र आलेलं होतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

म्हातारा जरा थांबला.

"येऊन गेलं होतं," तो म्हणाला.

"भाच्याचा आवाज ऐकला होता?"

"कधीच नाही."

पिंजऱ्यातला माणूस आता पंख्याकडे बघत नव्हता.

निकाल दहा दिवसांनी लागला. निर्दोष. न्यायाधीशांनी तपास करणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याच्या चौकशीचा आदेश दिला, खुनाचा तपास नव्याने करायला सांगितला, आणि भाच्याला तिथल्या तिथे सोडायचा हुकूम दिला. बहिणीने न रडायचं ठरवलं होतं. ते तिला जमलं नाही. ती भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरून रडत होती आणि तो तिला, "अगं हो, हो, आलो ना," एवढंच म्हणत होता. वकीलबाई आपल्या बसक्या आवाजात ओळखीच्या-अनोळखीच्या प्रत्येकाला सांगत होत्या की त्या आता निवृत्त होणार नाहीत. कानसेनने सगळं रेकॉर्ड केलं, हुंदके, टाळ्या, बाकांचा खडखडाट, आणि म्हणाला की अठ्ठावीस वर्षांत इतका चांगला गोंगाट त्याने टिपला नव्हता.

खाली जाताना सगळे कोर्टाच्या लिफ्टमध्ये शिरले. लिफ्ट दोन मजल्यांमध्ये जरा अडखळली. भाच्याने दाराला तळहात लावला, मान तिरकी केली आणि ऐकलं.

"तेल मागतेय," तो म्हणाला. "आणि मागचा माणूस एक बोल्ट विसरलाय." एवढं बोलून तो हसला. अकरा वर्षांनी कोणीतरी त्याचं ऐकून घेत होतं, आणि ते खरंही निघालं; खाली पहारेकऱ्याने कबूल केलं की परवाच दुरुस्ती झालीये. आख्खी मंडळी हसत रस्त्यावर आली. उन्हात उभा राहून भाच्याने बहिणीला विचारलं की आता कुठल्या बाजूला जायचं. ती म्हणाली, तू म्हणशील त्या.

पुरावाताईला निकालाची प्रत घ्यायची होती. ती परत वर गेली. प्रत घेऊन, सही करून बाहेर आली तेव्हा मधली सुट्टी झाली होती आणि लांबलचक व्हरांडा रिकामा पडला होता. टोकाच्या बाकावर निकाल ऐकायला आलेला कारकून बसला होता, मुलीची वाट बघत.

ती शेजारी बसली. त्याचे आभार मानले. त्या दिवशी उभं राहायला धीर लागला असेल, म्हणाली.

"खोटं नाही बोललो मी जजसाहेबांशी," म्हातारा म्हणाला. "पेपर येऊन गेलाच होता. फक्त आदल्या दिवशी."

तिला कळायला वेळ लागला.

"तुम्ही ऐकलं कधी?"

"शुक्रवारी."

गुरुवारी रात्री मावशीला नेलं होतं. शुक्रवारी सकाळपासून खोलीला कुलूप होतं आणि कुलपावर सील.

"मी तेच सांगायला गेलो होतो चौकीत," तो म्हणाला. "आत कोणीतरी आहे म्हणून. साहेब आधी हसले. मग म्हणाले, कालच ऐकलं असशील, नीट आठव." तो आपल्या बोटांकडे बघत होता. "नंतर रोज. चार वर्षं. मग पोरीकडे गेलो."

 ते सगळं वहीत घ्यायला हवं होतं, पण वही बाहेर काढायला हात उठेना.

जिन्यावर पावलं वाजली. मुलगी येत होती. म्हातारा उठला, आणि उठता उठता तिच्या कानाशी वाकला.

"तुम्हाला फक्त तिचाच ऐकू आला ना? बाईचाच?"

"हो," ती म्हणाली. "का? आणखी कोणाचा?"

"बरं झालं. ती ज्याला 'हात नको लावूस' म्हणते, त्याचा नाही आला," तो म्हणाला. खरोखर सुटल्यासारखा म्हणाला.

मुलीने त्याचा दंड धरला. दोघं जिन्याकडे निघाली. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. पंखेसुद्धा बंद होते. पहिल्या पायरीशी म्हातारा थांबला. त्याने शर्टाच्या खिशातून कापसाचे दोन बोळे काढले, एकेक करून दोन्ही कानांत नीट दाबून बसवले, आणि मग खाली उतरू लागला.